जखम आमच्या पायाला, मग प्रश्न दुसऱ्यांनीच का ठरवायचे?

मधुमेहींच्या पायाच्या संशोधनात रुग्णाला भागीदार करा. शिरोळच्या गावांनी हा हक्क मागून घेतला पाहिजे

ऊसदराचा प्रश्न निघाला की शिरोळ तालुका पेटून उठतो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय दराचे गणित जुळत नाही, हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदांनी कारखानदारांना शिकवले. महापुराचा विषय आला की २००५, २०१९ आणि २०२१ चा हिशेब हातात घेऊन माणसे अधिकाऱ्यांना जाब विचारतात. आपल्या प्रश्नावर आपल्याला बोलायचा हक्क आहे, हे या तालुक्याला कुणी सांगायची गरज नाही.

परंतु याच तालुक्यातल्या घराघरात एक प्रश्न मुकाट्याने उंबऱ्याच्या आत बसलेला आहे. साखरेच्या आजाराने पायाला होणारी जखम. बारकीशी असते, दुखत नाही, म्हणून चार दिवस हळद लावून तशीच कामे होतात. मग ती चिघळते. कोल्हापूरचे सीपीआर झाले, मिरजेचा दवाखाना झाला, आठ-आठ दिवसांनी पट्ट्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टर म्हणतात, "बोट काढावं लागंल." कुणाचे बोट जाते, कुणाचा पंजा, कुणाचा गुडघ्याखालचा पाय. अर्धा एकरवाल्याचा पाय गेला म्हणजे नुसता पाय जात नाही, त्याची शेती दुसऱ्याच्या वाट्याने जाते.

या जखमांवर जगभर संशोधन चालू आहे. नवी औषधे, नव्या पट्ट्या, नवे बूट तपासले जात आहेत. पण कशावर संशोधन करायचे, जखम बरी झाली असे कधी म्हणायचे आणि रुग्णाने किती वेळा दवाखान्यात यायचे, हे सारे बहुतेक ठिकाणी रुग्णाला न विचारताच ठरते. रुग्णाकडून हवी असते ती फक्त सही, नाही तर अंगठा. ही रीत बदलायला सुरुवात झाली आहे. ती आपल्या गावापर्यंत कशी आणायची, हा या लेखाचा विषय.

आजार किती पसरलाय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरात प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यात ८.९ टक्के. "साखर हा शेठजींचा आजार, राबणाऱ्याला होत नाही," हे आता विसरलेले बरे. खेड्यातल्या दर अकरा-बारा प्रौढ माणसांमागे एकाला हा आजार आहे. गावच्या मतदार यादीला लावून बघा, आकडा डोळ्यांपुढे येईल.

मधुमेह झालेल्या शंभर माणसांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते, असा अंदाज २०१७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. आणि जखम भरली म्हणून सुटका झाली असे नाही. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षाच्या आतच पुन्हा जखम होते. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या दर शंभरांतील सुमारे ८५ जणांची सुरुवात अशा साध्या जखमेपासूनच झालेली असते. म्हणजे जखम रोखली तर बहुतेक पाय वाचू शकतात.

जखम होते कशी?

बऱ्याच जणांना वाटते की साखर वाढली म्हणून पाय "सडतो". खरी गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, मग जळजळ होते, आणि एक दिवस सगळे शांत होते. माणसाला वाटते बरे झाले. प्रत्यक्षात पायाचा राखणदार झोपी गेलेला असतो. काटा रुतला, चपलेत खडा गेला, तापलेल्या फरशीने तळवा भाजला, तरी कळत नाही. त्यात तळव्याला घट्टा पडतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि आतून जखम तयार होते. तंबाखू-विडीने रक्तवाहिन्या आवळल्या असतील तर त्या जखमेला भरायला रक्तही पुरत नाही.

आता आपली शेती बघा. उसाला पाणी पाजायचे म्हणजे दारे धरायला चिखलात उतरायचे. रात्रपाळीची वीज असली की बॅटरीच्या उजेडात. तोडणी झालेल्या फडात उसाचे बुडखे भाल्यासारखे वर आलेले असतात. चिखलात चप्पल रुतते, म्हणून माणूस ती बांधावर काढून ठेवतो. घरात चप्पल घालायची रीत नाही, देवळात तर प्रश्नच नाही. नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणारा माणूस अनवाणीच जातो, मग ऊन चैत्रातले असो नाही तर वैशाखातले. पुराचे पाणी आले की दिवस-दिवस पाय ओले. आणि पायात असते ती कोल्हापुरी. चप्पल आपल्या अभिमानाची, पण तिचा तळ कडक आणि अंगठा घट्ट. बधिर पायाला त्या अंगठ्याने चर पडला तरी माणसाला समजत नाही.

विलायतेतल्या संशोधकाला यातले काय काय सुचणार? त्याच्या रुग्णाच्या घरात गालिचा असतो आणि पायात मोजे असतात. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कामी यायचे तर कुणीतरी त्याला चिखलाबद्दल सांगायला हवे.

प्लास्टर उत्तम, पण घालणार कोण?

एक उदाहरण नीट समजून घेऊ. तळव्याची जखम भरायची तर तिच्यावरचा भार काढला पाहिजे, एवढे सगळ्या डॉक्टरांना मान्य आहे. २००१ साली अमेरिकेत तीन उपाय समोरासमोर तपासले गेले. पहिला, गुडघ्यापर्यंतचे पायाला चिकटून बसणारे प्लास्टर. दुसरा, काढता-घालता येणारा बूट. तिसरा, अर्ध्या तळाची चप्पल. १२ आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी ८९.५ टक्के, बूटवाल्यांपैकी ६५ टक्के आणि अर्ध्या चपलेवाल्यांपैकी ५८.३ टक्के लोकांची जखम भरली. म्हणजे प्लास्टर जिंकले.

पण काढता-घालता येणारा बूट मागे का पडला? भार तर तोही जवळपास तेवढाच कमी करतो. याचे उत्तर २००३ साली मिळाले. रुग्णांच्या कमरेला एक आणि बुटात दुसरे, अशी पावले मोजणारी यंत्रे बसवली गेली. निघाले काय? माणसे दिवसभरात जेवढी चालत, त्यातली फक्त २८ टक्के चाल बूट घालून होती. बाकीच्या वेळी बूट कोपऱ्यात.

डॉक्टरांनी याला नाव दिले, रुग्ण "ऐकत नाही". आपण विचारू या, का ऐकत नाही? बूट जड आहे? घरात घातला तर सासूबाई काय म्हणतील ही भीती आहे? एक पाय उंच, एक खाली झाल्याने कंबर धरते? जनावराच्या गोठ्यात तो शेणाने भरतो? की बूट घालून बसलो तर धार कोण काढणार, हा प्रश्न आहे? यंत्राने पावले मोजली, कारण मोजले नाही. कारण फक्त बूट काढणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच तो माणूस संशोधनात पहिल्या दिवसापासून हवा, शेवटी सही करायला नव्हे.

पायाच्या जखमेवरच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तळव्याच्या जखमेला न काढता येणारे प्लास्टर किंवा बूट हा पहिला पर्याय सांगितला आहे. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण जून-जुलैत चिखलात उभे राहणाऱ्या, सहा मैलांवरून एसटीने येणाऱ्या आणि रोजगार बुडाला तर चूल थंड पडणाऱ्या माणसाने ते सहा-आठ आठवडे कसे सांभाळावे, याचे उत्तर कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळत नाही. ते उत्तर आपल्याच माणसांबरोबर बसून शोधावे लागेल.

भागीदार म्हणजे काय?

उसाच्या वाणाचे उदाहरण घ्या. पाडेगावच्या संशोधन केंद्रात वाण चांगला निघाला म्हणून तो लगेच शिफारशीला येत नाही. तो शेतकऱ्यांच्या रानात लावून बघतात. को ८६०३२ आपल्याकडे एवढा पसरला तो नुसत्या कागदावरच्या उताऱ्यामुळे नव्हे. खोडवा कसा येतो, पाण्याचा ताण किती सोसतो, पाचट काढायला कसा आहे, हे शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि शेजाऱ्याला सांगितले.

क्षारपड जमिनीचेही तेच. दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शिरोळ तालुक्यात जमिनीखालून निचऱ्याच्या पाईप टाकून पांढरी पडलेली राने पुन्हा पिकाखाली आणण्याचे काम झाले. त्यातले इंजिनिअरिंग साहेबांचे. पण पाणी कुठून फुटते, कुठल्या कोपऱ्यात पांढरी कधी फुटायला लागली, हे सांगणारा शेतकरीच. आणि एका वावरवाल्याने पाईप जाऊ दिली नाही तर खालचा पट्टा तसाच राहतो. तिथे कुणी म्हणाले नाही की शेतकऱ्याला यातले काय कळते.

मग पायाच्या बाबतीत असे का म्हणायचे? रुग्ण भागीदार म्हणजे रुग्णाने ऑपरेशन करायचे असे नाही. भागीदारीच्या पायऱ्या साध्या आहेत. संशोधनाचा प्रश्न ठरवताना रुग्णाला विचारायचे. माहितीपत्रक त्याला वाचून दाखवायचे आणि त्याला न कळलेला शब्द काढून टाकायचा. तपासणीचे दिवस बाजार, सुगी आणि एसटीच्या वेळा बघून ठरवायचे. यश कशात मोजायचे, हे त्याच्याशी बोलून ठरवायचे. आणि निकाल आला की तो आधी त्याला सांगायचा.

यातली यश मोजण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टर जखमेची लांबी-रुंदी मोजतात, किती आठवड्यांत भरली ते बघतात. रुग्ण काय मोजतो? "रानात कधी जाईन? दुसऱ्या पायाला तर होणार न्हाई ना? दवाखान्यापायी किती कर्ज झालं? पोरीच्या लग्नात उभा राहीन का?" जखम बारा आठवड्यांत भरली, पण तेवढ्यात म्हैस विकावी लागली, तर डॉक्टरच्या वहीत यश आणि घरच्या वहीत तोटा.

रुग्णांना विचारले तेव्हा काय झाले?

"हे बोलायला ठीक, पण रुग्णाला विचारून शास्त्र कुठे पुढे जाते का?" असे कुणी विचारील. जाते. त्याचे सगळ्यात जुने आणि ठसठशीत उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि ते नेमके बधिर पायाचे आहे.

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. त्या काळी समज असा, की कुष्ठरोगात मांस आपोआप झडते. ब्रँड यांना ते पटले नाही. त्यांनी रुग्णांनाच कामाला लावले. प्रत्येक नवी जखम कशाने झाली ते रुग्णांनी रोजच्या रोज शोधायचे. तवा भाजला, कुलूप पिळताना कातडी सोलली, चपलेचा खिळा टोचला, अशी एकेक कारणे निघत गेली. तरी एक कोडे उरले. रात्री झोपताना असलेला बोटाचा तुकडा सकाळी नाहीसा व्हायचा. शेवटी रुग्णांनीच रात्रीचा पहारा दिला आणि चोर सापडला. उंदीर! बधिर बोट उंदीर कुरतडत होता आणि माणसाला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर देण्याची पद्धत पडली.

बघा, हा शोध सूक्ष्मदर्शकाने लागला नाही. तो रात्र जागवणाऱ्या रुग्णांनी लावला. दुखणे हरवले म्हणून जखम होते, हे तत्त्व पक्के झाले. मऊ रबराच्या तळाची चप्पल त्यातूनच पुढे आली. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत गेले तेव्हा बधिर पायाचे हे सगळे शहाणपण मधुमेहींच्या उपचारात गेले. आज जगभर मधुमेहींच्या पायाला प्लास्टर घालतात, त्यामागे दक्षिण भारतातल्या त्या रुग्णांचाही वाटा आहे.

दुसरे उदाहरण संधिवाताचे. संधिवाताच्या औषधांची चाचणी करताना काय मोजावे, हे ठरवणारी डॉक्टरांची एक जागतिक परिषद आहे. तिने २००२ साली पहिल्यांदा रुग्णांना चर्चेला बसवले. रुग्ण म्हणाले, "तुम्ही सांध्याची सूज मोजता, पण आमचा जीव जातो तो थकव्याने. तो कुणी मोजतच नाही." चार-पाच वर्षांत थकवाही मोजावा, अशी शिफारस निघाली. इतकी वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांच्या नजरेतून जे सुटले, ते रुग्णांनी एका बैठकीत सांगितले.

इंग्लंडमध्ये २००४ पासून जेम्स लिंड यांच्या नावाने एक संस्था हेच काम करते. लिंड हे १७४७ साली बोटीवरच्या १२ खलाशांवर लिंबू-संत्र्याची चाचणी घेणारे डॉक्टर. या संस्थेत एकेका आजाराचे रुग्ण, त्यांची देखभाल करणारे नातेवाईक आणि डॉक्टर एकत्र बसतात. शेकडो प्रश्नांतून कोणत्या दहा प्रश्नांवर आधी संशोधन व्हावे, ते सर्वांनी मिळून ठरवतात. डॉक्टरचे मत एक आणि रुग्णाचेही एक.

आणि महाराष्ट्रात? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून लोकांवर नव्हे तर लोकांबरोबर संशोधन, असा मार्ग धरला. त्यांचा दवाखानासुद्धा आदिवासींशी बोलून त्यांच्या घरांसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. आदिवासींच्या आरोग्य संसदेत गावोगावचे प्रतिनिधी आपले दुखणे मांडतात. तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा बालमृत्यू किती घटले? पहिल्या महिन्यातले मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात आले. पुण्याच्या भोसरीतल्या एड्स संशोधन संस्थेनेही आपल्या चाचण्यांसाठी समाजातल्या लोकांचे सल्लागार मंडळ नेमले होते. म्हणजे मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. फक्त ती पायाच्या जखमेपर्यंत पोचायची आहे.

मधुमेही पायाच्या बाबतीतही पाया घातलेला आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्या सहभागाने २००४ पासून भारतात लहान गावांतल्या डॉक्टर आणि परिचारिकांना जोडीने शिकवण्याचा कार्यक्रम झाला. डॉक्टर शिकला, परिचारिका शिकली. आता तिसरी खुर्ची रुग्णाची.

कायद्यात काय आहे?

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. माणसांवर संशोधन करायचे तर नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. केंद्राच्या २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांतले निम्मे त्या संस्थेबाहेरचे हवेत. एक कायद्याचा जाणकार हवा, किमान एक महिला हवी, आणि एक सामान्य माणूस हवा, म्हणजे वैद्यकाशी संबंध नसलेला. कायद्याने खुर्ची मांडून ठेवली आहे. त्या खुर्चीवर शहरातला निवृत्त प्राध्यापकच बसावा, असे कुठे लिहिलेले नाही. शेती करणारा, स्वतः मधुमेह भोगलेला, लिहिता-वाचता माणूसही तिथे बसू शकतो.

आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचना आणखी स्पष्ट आहेत. समाजाला सुरुवातीपासून सहभागी करून घ्यावे, जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते, संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी, आणि संशोधनाचा लाभ त्या समाजापर्यंत पोचावा. औषधांच्या चाचण्यांची नोंद करण्यासाठी देशात २००७ पासून नोंदवही आहे, २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही पाहता येते.

हे नियम कशासाठी कडक झाले, तेही लक्षात ठेवा. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा प्रकल्प झाला. आदिवासी मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघडकीस आले. प्रकल्प थांबला आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. प्रश्न लशीचा नव्हता, सहीचा होता. ज्याचे अंग त्याला न विचारता झालेले काम असे अंगावर येते, आणि मग चांगल्या लशीवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

आक्षेपही तपासू

पहिला आक्षेप, रुग्णाला शास्त्र कळत नाही. कबूल. पण त्याच्याकडून शास्त्र नकोच आहे, हवा आहे तो त्याचा अनुभव. चाचणीत कुणाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, ते का, हे त्याला समजावून सांगता येते. समजल्यावर तो मधेच चाचणी सोडून जाण्याची शक्यताही कमी होते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "रुग्णांचा प्रतिनिधी" म्हणून पुढारीच जाऊन बसेल. गावात समिती म्हटली की काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून अट घालावी. प्रतिनिधी निदान चार हवेत, त्यांत दोन बाया, एक शेतमजूर, आणि प्रत्येकाने स्वतः जखम भोगलेली किंवा घरात तिची पट्टी केलेली असावी. पायाला पट्टी बांधणारी घरातली बाई असते, तिचा अनुभव डॉक्टरांच्या वहीत क्वचितच उतरतो.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. लोकांना विचारायला वेळ लागतो. लागतो. पण कोपऱ्यात पडून राहणारा बूट तयार करायलाही पैसा आणि वेळ लागतोच.

शिरोळचे प्रश्न कोणते?

उद्या एखादे वैद्यकीय महाविद्यालय आपल्या तालुक्यात अभ्यासाला आले, तर आपण कोणते प्रश्न पुढे ठेवावेत? काही सुचवतो, तुम्ही यात भर घाला.

चिखलात रुतणार नाही, पाणी साठवणार नाही आणि बधिर पायाला चावणार नाही, अशी दारे धरायची चप्पल करता येईल का? गमबुटात पाय घामेजून चिघळतो, त्याला उपाय काय? कोल्हापुरीचा घाट ठेवून, अंगठ्याऐवजी रुंद पट्टा, मागे बंद आणि आत मऊ रबराचा थर अशी चप्पल आपलेच कारागीर बनवू शकतील का? घरात आणि देवळात पाय झाकायला धर्माला आणि रीतीला चालेल असे काय वापरता येईल? महापुरात छावणीत असताना जखमेची पट्टी आणि इन्सुलिन यांची सोय कशी असावी? आठवड्याची पट्टी मिरजेऐवजी गावच्या उपकेंद्रात झाली तर जखम तेवढीच लवकर भरते का? यातला प्रत्येक प्रश्न संशोधनाचा आहे, आणि यातला एकही प्रश्न चिखलात पाय न घातलेल्याला सुचणार नाही.

गावाने काय करावे?

संशोधक येईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. पहिले काम ग्रामसभेचे. आरोग्याच्या विषयात पायाची तपासणी हा विषय घ्या. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती भरतातच. त्यातल्या मधुमेहींची वर्षातून एकदा पायाची तपासणी उपकेंद्रात व्हावी, असा ठराव करा. ज्यांना एकदा जखम होऊन गेली आहे, त्यांची तपासणी जास्त वेळा व्हावी.

दुसरे काम घरातले. इंग्लंडच्या इप्सविच गावी निघालेली एक साधी परीक्षा आहे. रुग्णाने डोळे मिटून पडायचे. घरच्या माणसाने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर बोट हलकेच एक-दोन सेकंद टेकवायचे. दाबायचे नाही, चोळायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर आहे असे धरून डॉक्टरला दाखवायचे. रोज संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून तळवा बघायचा. दिसत नसेल तर आरसा घ्या, नाही तर नातवाला बघायला सांगा. चप्पल झटकून घाला. घट्टा पात्याने कापू नका, बधिर पाय शेकू नका. जखम दिसली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणारी जखमच जास्त घातक. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसरे काम, कुणी अभ्यासाला आले तर त्यांना पाच गोष्टी विचारा. हा प्रश्न कुणी ठरवला आणि आमच्यातल्या कुणाला विचारले? यश कशात मोजणार? आमचा खर्च, बुडालेला रोजगार आणि इजा झाली तर भरपाई कोण देणार? मधेच नाही म्हटले तरी आमचे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? आणि निकाल गावात येऊन मराठीत कधी सांगणार? सरळ उत्तरे मिळाली तर खुशाल सहभागी व्हा, कारण चांगल्या संशोधनाशिवाय आपले पाय वाचणार नाहीत. उत्तरे टाळली तर सहीची घाई करू नका.

वैद्यकीय महाविद्यालयांनाही एक सांगणे आहे. आपल्या नीतिशास्त्र समितीतली सामान्य माणसाची खुर्ची एकदा ग्रामीण मधुमेही रुग्णाला देऊन पाहा. काटा मारलेला उसाचा वजनकाटा ओळखणारा हा शेतकरी आहे. संशोधनात कुठे माप चुकते, तेही तो दाखवून देईल.